पहिल्या फुलच्या आधी मित्रांबरोबरची एक हाफ
साप्ताहिक स्तंभ : धाववाट । दिघी, जि. रायगड

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथे पहिल्यांदाच फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायचं ठरवलेल्या माणसाचं सोळा आठवड्यांचं वेळापत्रक सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं. आठवड्यातून चार दिवस पळणं आणि रविवारी लाँग रन, एवढा त्याचा साधा सांगाडा. पण आपल्याकडच्या शर्यतींचा हंगामही याच महिन्यांत भरात येतो. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याची, त्याच्या आगेमागे वसई-विरारची आणि जानेवारी उजाडताच रत्नागिरीची कोकण कोस्टल. प्रत्येक वेळी ग्रुपवर निरोप येतो की सगळे मिळून जाऊ, गाडी करू, आदल्या दिवशी एकत्र राहू. अशा वेळी पहिल्या फुलची तयारी करणाऱ्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, मुंबई होईपर्यंत कुठेही जायचं नाही. दुसरा म्हणतो, जितक्या रेस तितका सराव. मला दोन्ही चूक वाटतात. मित्रांबरोबरची एक हाफ तयारीत जरूर असावी, मात्र ती वेळापत्रकावर जादा चढवू नये. त्या रविवारचा लाँग रन काढून त्याच्या जागी ती बसवावी आणि लाँग रनच्याच गतीने धावावी.

हा आग्रह कशासाठी, ते साध्या वजाबाकीतून कळतं. न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर वयाच्या ४१व्या वर्षी, १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, २ तास ११ मिनिटं १९ सेकंदांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक घेऊन गेला. त्याच्या नावावर सांगितला जाणारा एक आडाखा प्रशिक्षक आजही वापरतात : जोर लावून धावलेल्या दर मैलामागे एक दिवस हलका. हाफ १३ मैलांची, म्हणजे १३ दिवस जड सराव बंद. आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारची पुण्याची हाफ घ्या. तिथून मुंबई सहा-सात आठवड्यांवर असते. सहाच धरले तर ४२ दिवस. जीव तोडून धावलात तर त्यातले १३ सावरण्यात जातात. शेवटचे २१ दिवस टेपरचे, म्हणजे अंतर उतरत नेण्याचे. उरले आठ दिवस, त्यात रविवार एखादाच. आणि डिसेंबर हा तर २८ ते ३२ किलोमीटरच्या लाँग रनचा महिना, सगळ्या तयारीचा कणा. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजन साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरतं, मग पाय जड होतात. त्या टप्प्याची ओळख शरीराला करून देणारे दोन-तीन रविवार एका पदकापायी गेले, तर ती ओळख थेट मुंबईतच होणार. कोकण कोस्टलचं गणित आणखी अवघड आहे, कारण ती ऐन टेपरमध्ये येते. पहिल्या फुलवाल्याने तिथे जायचंच असेल तर छोट्या अंतरात नाव घालावं, किंवा रस्त्याकडेला उभं राहून मित्रांना पाणी द्यावं.

साताऱ्याची गोष्ट वेगळी. ती शर्यत २०१२ला सुरू झाली आणि मुंबई-पुण्याच्या धावणाऱ्यांची वार्षिक सहल होऊन बसली. मुंबईला चार महिने असताना ती येते, म्हणून सोबतीने धावण्यासाठी हंगामात तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथला धोका मात्र लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. यवतेश्वरच्या घाटाची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे चढावर जो तो आपसूक आवरून धावतो. खरी नासधूस परतीच्या उतारावर होते. दम शिल्लक असतो, हवा गार असते, रस्ता खाली ओढत असतो, शेजारचा सुसाट निघालेला असतो. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन थोपवत असतो, आणि हा मार धावताना कळत नाही. तो मंगळवारी जिना उतरताना कळतो. म्हणून उतारावर पावलं आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, टाच पुढे आपटू नये आणि पुढे जाणाऱ्याला जाऊ द्यावं. एवढं सांभाळलं तर बुधवार-गुरुवारपर्यंत माणूस पुन्हा रस्त्यावर येतो आणि सोळा आठवड्यांची सुरुवात दुखण्याने होत नाही.

यावर रास्त प्रश्न असा की सावकाशच धावायचं, तर पैसे आणि दोन दिवस घालवून जायचं कशाला? लाँग रन घराजवळही होतोच. शहरातल्या माणसाने हे विचारलं तर त्यात तथ्य आहे. त्याच्याकडे दर रविवारी सोबत असते, वाटेत पाण्याची सोय असते. दिघीसारख्या गावातून तयारी करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. बोर्ली पंचतनकडे जाणारा चढउताराचा रस्ता, खांद्याला स्वतःची बाटली आणि तीन तास एकट्याचे. म्हसळ्याकडे वळावं तर बंदराची अवजड वाहनं, आणि पहाटेच्या अंधारात त्या रस्त्याच्या कडेने पळणं जोखमीचं. बाईमाणसाला तर निर्मनुष्य रस्ता हाच पहिला अडथळा असतो. घरातलं कुणी दुचाकी घेऊन मागे आलं तरच तिचा लाँग रन होतो. अशा धावणाऱ्याला मुंबईत पहाटे पाचच्या सुमाराला हजारोंच्या गर्दीत उभं राहायचं आहे. शौचालयाची रांग, सुरुवातीची रेटारेटी, पळता पळता कपातून पाणी पिणं, जेल नेमकं कधी फोडायचं, केळ्याचा तुकडा पोटाला मानवतो की नाही, आदल्या रात्री परक्या जागी झोप लागते की नाही, यातलं काहीही एकट्याने शिकता येत नाही. ही रंगीत तालीम हाफमध्ये होते, आणि हळू धावलं तर ती पुरेपूर होते, कारण लक्ष द्यायला उसंत मिळते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हे इथे भातकापणीचे आणि दिवाळीचे दिवस. एकट्याचा सराव सुटतो तो याच काळात. पुढे कुठेतरी चार जण आपली वाट पाहताहेत, एवढ्या आधारावरही माणूस पुन्हा बूट चढवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पूर्ण जोर लावून हाफ धावल्याशिवाय फुलची गती ठरवायची कशी? अमेरिकी अभियंता पीटर रीगल याने १९७७मध्ये मांडलेलं सूत्र यासाठी सर्रास वापरतात. अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होतो, म्हणजे हाफ सव्वादोन तासांची असेल तर फुल ४ तास ४१ मिनिटांत. कागदावर छानच दिसतं. पण अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६मध्ये हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा फुलच्या बाबतीत हे सूत्र फार आशावादी ठरत असल्याचं आढळलं. ज्याचा आठवड्याचा सराव थोडा, त्याला उत्तरार्ध जास्त महाग पडतो. पहिल्या फुलवाल्याचा सराव बहुधा थोडाच असतो. म्हणजे ज्याला या मापाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते सर्वांत जास्त फसवतं. त्या आकड्यावर विसंबून निघालेला माणूस परतीची वाट चालत काढतो, तेही ऊन चढलेलं असताना. गती तपासायचीच असेल तर दहा किलोमीटरची चाचणी घ्यावी. फॉस्टरच्या आडाख्याने ती आठवड्याच्या आत भरून निघते. फुलची गती मात्र डिसेंबरातल्या लांब रविवारांवरून ठरवावी.

आणि छातीवर बिब लागल्यावर स्वतःला आवरणं जमत नाही म्हणतात, त्याचं काय? हे खरं आहे. म्हणूनच निव्वळ निश्चयावर भिस्त ठेवू नये, आधीच बांधून घ्यावं. पाच तासांत फुल करायची असेल तर तिची गती किलोमीटरला सात मिनिटांच्या जरा वर येते आणि लाँग रनची आठ मिनिटांच्या आसपास. त्या हिशोबाने हाफला २ तास ४९ मिनिटं लागतील. हा आकडा सोबत्यांना आदल्या दिवशीच सांगून टाकावा. मागच्या रांगेत उभं राहावं. ग्रुपमध्ये पहिल्यांदाच हाफ धावणारा कुणी ना कुणी असतोच, त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहायचं कबूल करावं. दिलेला शब्द मोडून पुढे पळणं फार कमी जणांना जमतं. अंतर कमी पडत असेल तर सुरुवातीच्या आधी पाच-सहा किलोमीटर हलके करून घ्यावेत, म्हणजे २६-२७चा रविवार पदरात पडतो. हे अंतर शेवटी जोडायचं म्हटलं तर पदक गळ्यात पडल्यावर, पोहे समोर आल्यावर, ते राहूनच जातं.

खर्चाचा विचार मात्र झटकून टाकता येत नाही. इथून सातारा म्हणजे म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद. अख्खा शनिवार गाडीत बसून पाय आखडतात, झोप तुटते, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. हा थकवासुद्धा सरावाच्या वहीत लिहायला हवा, कारण शरीर तो मोजतंच. म्हणून पहिल्या फुलच्या हंगामात दूरची रेस एकच पुरे. साताऱ्याला गेलात तर पुणे, वसई सोडून द्या. त्यांपैकी एक गाठायची असेल तर तिच्या पुढच्या-मागच्या आठवड्यातले मोठ्या अंतराचे दिवस आधी कागदावर पक्के करा आणि मगच नाव नोंदवा.

बाकीच्या सोबतीसाठी बिब लागतच नाही. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली, दिवेआगर या पट्ट्यात फुलची तयारी करणारे विखुरलेले आहेत आणि जो तो आपापल्या रस्त्यावर एकटा पळतो आहे. मुरूडकरांनी शनिवारी संध्याकाळी आगरदांड्याहून जंगलजेटीच्या फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे दिघीला यावं, श्रीवर्धनकरांनी पहाटे बोर्लीला गाठ घ्यावी, आणि दिवेआगरच्या दिशेने जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर सगळ्यांनी मिळून करावेत. पाण्याच्या बाटल्या घेऊन एक दुचाकी मागे असली की बायकांनाही निर्धास्त येता येईल. नोव्हेंबरातला दिवाळीनंतरचा एखादा रविवार यासाठी सगळ्यांनी आत्ताच राखून ठेवावा.