ओव्हरटाइमचा अर्धा भाग वेगळा काढा

अमेरिकी पेरोल सांभाळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकांची पत्रे एकाच तक्रारीने भरली आहेत. क्लायंट वजावटीला पात्र ओव्हरटाइमचा आकडा मागतो आणि सिस्टिममध्ये तो आकडाच नाही. तक्रार रास्त आहे. ओव्हरटाइमवर ही करवजावट देणाऱ्या कायद्यावर सही झाली 4 जुलै 2025 रोजी आणि तो लागू धरला 1 जानेवारीपासून. सहा महिन्यांचे पगार तोवर वाटून झाले होते. वर अमेरिकी करखाते आयआरएसने 2025 चा डब्ल्यू-2 हा वेतनाचा फॉर्म होता तसाच ठेवला. आकडा वेगळा न कळवल्याच्या दंडातून मालकांना सूट मिळाली. कामगाराने मात्र 12,500 डॉलरपर्यंतची वजावट कशाच्या आधारे मागायची? पगाराच्या स्लिपवरून. ती स्लिप आपण बनवतो.

म्हणूनच आपल्यातल्या काहींना स्पष्ट सांगायला हवे. दीडपट दराची सगळी रक्कम एकाच पे-कोडखाली ढकलायची सवय अजून सुटलेली नाही. तासाला 20 डॉलर मिळवणाऱ्याने आठवड्यात 46 तास भरले, तर ओव्हरटाइमचे 180 डॉलर होतात. पात्र त्यातला फक्त दराचा वरचा अर्धा भाग, म्हणजे 60. सरसकट 180 कळवणारा त्या कामगाराला चुकीचे रिटर्न भरायला लावतो आहे.

कॅलिफोर्नियात घोळ याहून मोठा. तिथे साधारणपणे दिवसाचे आठ तास उलटले की ओव्हरटाइम सुरू होतो. दहा-दहा तासांचे चार दिवस भरले, तर राज्याच्या कायद्याने आठ तासांचा ओव्हरटाइम द्यावा लागतो. पण आठवड्याचे 40 तास ओलांडलेले नाहीत, म्हणून एफएलएसए या फेडरल श्रम कायद्याखाली पात्र रक्कम शून्य! डबल टाइममध्येही पात्र ठरतो तो नियमित दराचा अर्धा भागच, तोही आठवड्याच्या 40 तासांवरच्या कामाचा. आणि ही वजावट फेडरल प्राप्तिकरापुरती आहे. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात थांबवू नका.

2026 च्या डब्ल्यू-2 मध्ये बॉक्स 12 साठी पात्र ओव्हरटाइमचा ‘टीटी’ हा कोड आला आहे. आता फॉर्मकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. डिसेंबरची वाट पाहू नका. पुढच्याच पे-रनपासून मूळ दर, एफएलएसएचा अर्धा भाग आणि राज्याच्या कायद्याने द्यायची जादा रक्कम यांचे तीन वेगळे कोड उघडा. टाइमशीटमधून रोजचे आणि आठवड्याचे तास दोन्ही मागवा. सॉफ्टवेअर कंपनी जमत नाही म्हणाली, तर ते तिच्याकडून लेखी घ्या आणि त्याच दिवशी क्लायंटला कळवा.