प्राचार्य आमदार झाले तेव्हा

निवडणूक आली की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "शिकलेल्या माणसाचं राजकारणात काय काम?" मंडळी, निदान कोकणात राहून तरी हे बोलू नका.

बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. मानाची खुर्ची, जोडीला वकिली. तरी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ला मुंबई विधानसभेत निवडून आले आणि त्याच सप्टेंबरात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. म्हणजे आपल्याच रत्नागिरीतल्या कुळांचा प्रश्न! खोत खरं तर सरकारचा वसुलीदार, पण गावात मालक तोच. पिकातला वाटा त्याला द्या, वर वेठही करा. विधेयकात नुसता राग नव्हता बरं का. कुळाला जमिनीवर हक्क आणि खोतालाही भरपाई, अशी मांडणी होती. कायदा शिकवणाऱ्याचा हात दिसतो तो इथे. सत्ताधाऱ्यांनी ते पुढे सरकू दिलं नाही, तर जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर नेला. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ ला.

(हाच माणूस १९५२ ला लोकसभेला पडला. आपण मतदार कसे, तेही कळतं.)

यंदा उमेदवार दारात आले की रस्ता, गटार, पाणी विचाराच. पण सोबत हेही विचारा, "साहेब, अशासकीय विधेयक कुठल्याही आमदाराला मांडता येतं. तुम्ही कुठलं मांडणार?"

मग चेहरा बघा, आणि कमेंटमध्ये सांगा.