धर्माची भूक

संस्कृत शिकविताना सन्नन्त रूपांचा पाठ आला म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांस एक गोष्ट आवर्जून दाखवीत असू. ज्ञा धातूपासून जिज्ञासा होते, मुच् धातूपासून मुमुक्षा होते. आणि त्याच नियमाने भुज् पासून बुभुक्षा व पा पासून पिपासा होते. मोक्षाच्या इच्छेस जो प्रत्यय लागतो तोच पोटातल्या भुकेस आणि घशाच्या कोरडीस लागतो. व्याकरणास इच्छा तेवढी ठाऊक. ती थोर की सामान्य, हे ते पुसत नाही.

हा पाठ आठवण्याचे कारण असे की, अलीकडे ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारातील मत्तयाचे शुभवर्तमान आम्ही पुन्हा वाचावयास घेतले. त्यातील पाच ते सात या अध्यायांस गिरिप्रवचन म्हणतात. आरंभीच कोण कोण धन्य हे येशू सांगतो. त्यांत चौथे स्थान धार्मिकतेसाठी भुकेल्या व तहानेल्या माणसांचे आहे. धार्मिकता, किंवा कित्येक मराठी भाषांतरांत नीतिमत्त्व, हा ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ तो दिकाइओसूने. आणि त्याच्या मागे उभा असलेला हिब्रू शब्द त्सेदाका. माणसामाणसांतला सरळ व्यवहार, न्याय आणि ईश्वराशी प्रामाणिकपणा, हे सारे त्यात येते. पुढे यहुदी लोकांत हाच शब्द दानधर्मासही रूढ झाला.

आमच्याकडे जैमिनीने मीमांसेचा आरंभ धर्मजिज्ञासेने केला. धर्म म्हणजे काय, हे जाणण्याची ती इच्छा. गिरिप्रवचनात सांगितली आहे ती मात्र धर्मबुभुक्षा होय. जाणण्याची इच्छा उद्यावर टाकता येते. भूक टाकता येत नाही. ज्या देशात हे शब्द बोलले गेले तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा बहुधा कोरडाच जातो. कामाची वाट पाहात संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहणारे मजूर याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात भेटतात. अशा श्रोत्यांपुढे भूक आणि तहान हे शब्द केवळ अलंकार म्हणून उच्चारता येत नाहीत.

वाचकांनी आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. येथे धन्य म्हटले आहे ते भुकेल्यास. ज्याचे पोट धार्मिकतेने भरले आहे त्यास नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त आहे. दोघेही मंदिरात प्रार्थनेस जातात. परूशी आठवड्यातून दोन उपवास करणारा आणि उत्पन्नाचा दशमांश देणारा. तो आपल्या आचरणाची यादी देवापुढे वाचतो. जकातदार दूर उभा राहून, मान खाली घालून, केवळ दयेची याचना करतो. येशूच्या मते निर्दोष ठरून घरी गेला तो जकातदार. परूशी म्हणजे ढोंगीच, असे मात्र कोणी समजू नये. ते नियमनिष्ठ व व्यासंगी लोक होते. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये आणि पाठान्तर यांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस ते परके वाटण्याचे कारण नाही. त्या परूशाच्या आचरणात खोट नव्हती. त्यास भूक उरली नव्हती, एवढेच.

भुकेल्यांची तृप्ती होईल, असे जे आश्वासन आहे त्याचे क्रियापद कर्मणि आहे: ते तृप्त केले जातील. तृप्त करणारा दुसरा आहे. जर्मनीतील मार्टिन लूथर 1505 साली एर्फुर्टच्या मठात शिरला. उपास, जागरणे, वारंवार पापांची कबुली, सारे करूनही त्यास शांती लाभेना. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्राचे मनन करिताना, ईश्वराची धार्मिकता म्हणजे माणसास शिक्षा करणारा न्याय नसून त्यास मिळणारे दान आहे, असे त्यास उमगले. आमच्या नारायण वामन टिळकांस एका युरोपियन सहप्रवाशाने आगगाडीत नवा करार दिला. तेव्हा तेही गिरिप्रवचनापाशीच खिळून राहिले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मार्ग सर्वांस मान्य होईल असे नाही; पण त्यांची भूक खरी होती, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

आता थोडे आमच्याविषयी. सुमारे तीस वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेत एका विद्यार्थ्याच्या संस्कृतच्या उत्तरपत्रिकेतील एका पानाचे सात गुण बेरजेत धरावयाचे आमच्याकडून राहिले. बक्षीससमारंभानंतर जुने कागद बांधताना ते ध्यानात आले. पहिला क्रमांक त्याचा होता. बक्षीस दुसऱ्यास गेले होते. ‘मास्तरांच्या गुणांत चूक नसते’ असा आमचा गावात लौकिक होता. त्या लौकिकाने आमचे पोट इतके भरले होते की, आम्ही तो गठ्ठा तसाच बांधून टाकिला व कोणास काही बोललो नाही. त्यानंतरही वर्गात सत्यावर निबंध लिहविले आणि त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका मोठ्या काळजीने तपासल्या.

त्याच पाचव्या अध्यायात पुढे सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणिले असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. हे वाचताना आमची संध्या व्हावयाची होती. पळीपंचपात्र तसेच ठेवून आम्ही त्या विद्यार्थ्यास पत्र लिहावयास बसलो. तो आता मोठ्या मुलांचा बाप आहे. चार ओळी लिहिण्यास आम्हांस दोन तास लागले.

उत्तर अद्याप आलेले नाही. येईल की नाही, हे आमच्या हाती नाही. इतके मात्र खरे की, पुष्कळ वर्षांनी आम्हांस भूक लागल्यासारखी वाटते आहे.