प्रेम, भक्ति आणि ‘मी’

अहंकार म्हटला कीं धनाढ्य, सत्ताधीश किंवा विद्वान मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु अहंकारास लपावयास याहून सुरक्षित अशीं दोन स्थळें आहेत. तीं म्हणजे प्रेम आणि भक्ति. ‘माझ्या माणसानें माझ्याच मताप्रमाणें चालावें’ ही इच्छा प्रेमाचें नांव घेऊन वावरते, आणि ‘देवाचा मार्ग मलाच कळला’ हा गर्व भक्तीचें वस्त्र पांघरतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर जणूं आकाशच कोसळलें. कित्येक वर्षें उभयतां एकमेकांपासून दूर राहिलीं. पुढें बाई पतीकडे परतल्या, तरी त्यांचें सोवळें, स्वयंपाक व पाणी निराळेंच होतें. एका छपराखालीं दोन धर्म नांदूं लागले. येथें दोघांच्याही ‘मी’ची कसोटी होती. पतीच्या अधिकारानें पत्नीवर आपला धर्म लादणें त्या काळीं कठीण नव्हतें; परंतु टिळकांनीं तो मार्ग धरला नाहीं. बाईंनीं स्वतःच विचार केला. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं आपल्या मनाला विचारला, आणि उत्तर पटल्यावर जन्मभर जपलेला सोवळ्याचा अभिमान खालीं ठेवला. १९०० सालीं त्यांनींही दीक्षा घेतली.

कोणी म्हणेल, हें तर स्त्रीनें स्वत्व गमावणें झालें. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें; तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. शाळेचें शिक्षण न लाभलेल्या याच बाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं, आणि त्यांत पतीचे व स्वतःचेही दोष हंसतमुखानें सांगितले. जिचें स्वत्व हरपलें, तिला असें लिहितां येईल काय? अहंकार गेल्यानें माणूस पुसला जात नाहीं. उलट तो अधिक मोकळा होतो.

पालकांनीं मुलांवर प्रेम करितांना आपली अपुरी राहिलेली हौस त्यांच्या शिरावर ठेवूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, प्रार्थनेंत पुढच्या रांगेस बसलों म्हणजे देवाच्या अधिक जवळ गेलों, असें मानूं नका. प्रेमांत काय किंवा भक्तींत काय, दुसऱ्याचें मन त्याच्या वेळेनें उमलूं देण्याइतका धीर ज्याच्यापाशीं आहे, त्याचाच ‘मी’ खरोखर सुटला, असें समजावें.