पंप कोणाच्या हातात?

दम्याच्या मुलांची देखभाल सिस्टरकडे द्या म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: शहरातल्या मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि पनवेल तालुक्यात नेऱ्यापलीकडच्या वाडीतल्या मुलाला नर्स, हा कुठला न्याय? बोलण्यात कळकळ आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

मालडुंगे, धोदाणीकडच्या वाडीतल्या मुलाला आज तज्ज्ञ मिळतो कधी? रात्री धाप लागली, गाडी मिळाली आणि पनवेल गाठलं, तर. तिथे वाफ देतात, छाती मोकळी होते, मूल घरी येतं. पुढचे दोन महिने त्याच्याकडे बघणारं कोणी नसतं आणि दमा बिघडतो तो त्याच दोन महिन्यांत. म्हणजे तुलना करायचीच तर सिस्टर आणि कोणीच नाही, यांच्यात करा.

त्या दोन महिन्यांत काय होतं? सूज उतरवणाऱ्या औषधाचा पंप साधारण 200 फवाऱ्यांचा. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे पन्नास दिवसांत संपला. पण आतला वायू उरलेला असतो, त्यामुळे दाबला की फुस्स होतंच. आई म्हणते, ‘चालू आहे की अजून.’ मूल औषधाऐवजी नुसता वायू ओढत राहतं. डबीवर सुरू केल्याची तारीख लिहायची आणि पन्नासावा दिवस वहीत टिपायचा, एवढंच काम. एमडी लागत नाही त्याला. वाडीवर नेमानं जाणारं माणूस लागतं.

‘पंपाची सवय लागते’ हे दुसरं पालुपद. या भीतीपायी लोक रोजचा पंप बंद करतात आणि मृगाला हैदराबादला माशाचा प्रसाद घ्यायला गर्दीत उभे राहतात. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मुलाला आंधळं ठेवत नाही. पण हे घाईतल्या ओपीडीत पटत नाही, ओटीवर बसून सांगावं लागतं. फाल्गुन-चैत्रात राब भाजताना धूर होतो, तेव्हा मुलाला घरात ठेव, हेही ओटीवरूनच सांगता येतं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलं तर मुलाचा पंप बरोबर गेला का, हे कोण विचारणार? आशाताई आणि सिस्टरच.

तिसरा आक्षेप अभ्यासू आहे. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात नर्सची आणि डॉक्टरची देखभाल ताडून पाहिली, तर फारसा फरक आढळला नाही, मग हा खटाटोप कशाला? अहो, फरक नाही हीच तर माझी बाजू! अभ्यास पाचच होते आणि बरेचसे रुग्ण आटोक्यात असलेले, हे मान्य. म्हणूनच निदान आणि औषधाचा आराखडा डॉक्टरचाच राहू द्या. फिनलंडने 1994 पासून दहा वर्षं दम्याची मोहीम राबवली, तिच्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सेसना खास तयार केलं. दम्यापायी रुग्णालयात जाणारे दिवस निम्म्याहून खाली आले. श्रेय एकट्या नर्सचं नाही, पण त्यांच्याशिवाय ते झालंही नसतं.

फिनलंड दूर वाटत असेल तर नेऱ्याजवळच्या शांतिवनाकडे बघा. कुष्ठरोग्यांच्या या वसाहतीच्या परिसरात वेगळं सांगायला नको की चट्टे शोधत दारोदार फिरले ते डॉक्टर नसलेले कार्यकर्ते. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने पाहणी, शिक्षण आणि उपचाराची ती रीत घालून दिली. तेव्हा कोणी दुय्यम उपचार म्हणून नाक मुरडलं असतं तर?

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही: सिस्टरच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. खरं आहे. त्यात दम्याचं आणखी एक घातलं तर ते घरबसल्या भरलं जाईल. आधी दोन रजिस्टरं कमी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून मुलांच्या श्वासनलिकेचा हा आजार तपासणीच्या यादीत आहेच. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, नाव लिहून घेतं. ते नाव उपकेंद्राच्या वहीत उतरवून घेतलं की निम्मं काम झालं.

आणि पंप व मुलाचं तोंड यांच्यामध्ये लावायच्या स्पेसरला पैसे नाहीत, ही सबब तर नकोच. अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, बुडाला तापवलेल्या तारेने पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप बसवून फट बुजवायची, बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालते हे दाखवलं. बाटली नेऱ्याच्या नाक्यावर मिळते, तार सिस्टरच्या पिशवीत मावते.