शांत मुद्रा आणि न आलेला अहवाल

१८ मे २०२५ च्या पहाटे श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६१ हा अग्निबाण झेपावला आणि काही मिनिटांतच मोहीम फसल्याचे स्पष्ट झाले. दुसऱ्या टप्प्यापर्यंत सारे सुरळीत होते, तिसऱ्या टप्प्यातील मोटारीच्या कक्षातला दाब घसरला व मोहीम पूर्ण होऊ शकली नाही, असे ‘इस्रो’चे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी कसलीही सारवासारव न करता सांगितले. या संयमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या मौनाचा.

श्रीहरिकोट्याच्या अपयशाशी धाराशिव जिल्ह्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्या अग्निबाणावरील ईओएस-०९ हा रडार असलेला उपग्रह होता. रडारला ढगांचा अडसर होत नाही आणि रात्रीचा अंधारही आड येत नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, दुष्काळी म्हणून सरकारदरबारी नोंदल्या गेलेल्या याच जिल्ह्यात परंडा व भूम तालुक्यांतील माणसे पुराच्या वेढ्यात सापडली, काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले आणि हातातोंडाशी आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. ईओएस-०९ कक्षेत असता तर पूर टळला असता, असे नव्हे. २०२२ पासून ईओएस-०४ हा त्याच जातीचा उपग्रह काम करीतही आहे. तथापि कोणत्या शिवारात किती पाणी व किती दिवस, हे ढगांआडून टिपणारा आणखी एक डोळा देशाने गमावला, हे खरे. ज्याचे पंचनामे अडतात, त्या शेतकऱ्याचा या चौकशीशी असलेला संबंध असा सरळ आहे.

संयमी अधिकाऱ्याचे उदाहरण म्हणून आपल्याकडे सतीश धवन यांचे नाव घेतले जाते व ते योग्यच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण बंगालच्या उपसागरात संपले. संगणकाने उड्डाण थांबविण्याची सूचना दिली असताना, तज्ज्ञांच्या सल्ल्याने आपण ते पुढे रेटले, असे प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी पुढे अनेकदा सांगितले. पत्रकारांसमोर मात्र धवन स्वतः गेले आणि अपयश त्यांनी आपल्या शिरावर घेतले. १८ जुलै १९८० ला यश आले तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. ही आठवण सांगताना एक गोष्ट मात्र वगळली जाते. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील एका झडपेचा दोष शोधून काढला गेला आणि तो लोकांना कळलाही. वडीलधाऱ्याने ढाल होणे ही निम्मी गोष्ट; उरलेली निम्मी त्या झडपेची.

शांतपणे बोलणारा माणूस बरोबरच बोलतो असेही नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान कोसळून कल्पना चावला व तिचे सहा सहकारी मरण पावले. त्या दिवसापासून अमेरिकेच्या यानप्रकल्पाचे प्रमुख रॉन डिटेमोर पत्रकारांच्या प्रश्नांना विलक्षण धीराने व मोकळेपणाने सामोरे गेले. उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेला फेसाचा तुकडा हे मूळ कारण असेल, हे त्यांना पटत नव्हते, आणि तेही त्यांनी शांतपणेच सांगितले. पुढे स्वतंत्र चौकशी मंडळाने नेमके तेच कारण सिद्ध केले. डिटेमोर खोटे बोलत नव्हते. पण पहिल्या आठवड्यातील विश्वासाला पुरावा समजण्याची चूक त्या मंडळाने केली नाही.

विश्वास आणि ज्ञान यांतील हे अंतर धाराशिवकरांना नव्याने सांगावे लागत नाही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिलेच उड्डाण आयआरएस-१ई या उपग्रहासह कोसळले. बरोबर दहा दिवसांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी ही गावे मातीस मिळाली. आदल्या वर्षी किल्लारी भागात धक्के बसत होते. नकाशात मात्र हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला! चुकीची जाहीर कबुली नकाशा बदलून दिली गेली, ती हजारो माणसे गेल्यावर. त्या मानाने अग्निबाणाचा हिशोब लवकर लागला: टप्पे विलग होताना बसलेला हिसका आणि नियंत्रक संगणकाच्या आज्ञावलीतील चूक ही कारणे सांगितली गेली, आणि १५ ऑक्टोबर १९९४ ला तोच अग्निबाण यशस्वी झाला.

म्हणूनच १२ जानेवारी २०२६ चा प्रसंग अधिक खटकतो. पीएसएलव्ही-सी६२ चे उड्डाण फसले, आणि दोष पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच दिसला. देशी-परदेशी छोटे उपग्रह त्याबरोबर गेले. सी६१ च्या अपयशाचा अहवाल तोवर जनतेपुढे ठेवला गेला नव्हता. दोन्ही वेळचा दोष एकच होता, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण तो एकच नव्हता असे म्हणण्याचे साधनही नागरिकाच्या हाती दिलेले नाही.

यावर राष्ट्रीय सुरक्षेचे उत्तर दिले जाते. ते पोकळ नाही. घनइंधनाच्या मोटारी आणि क्षेपणास्त्रे यांचे नाते जवळचे आहे. परंतु १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’चा स्फोट झाला तेव्हा अमेरिकेच्या लष्कराचे उपग्रहही त्याच यानांतून जात होते. तरीही रॉजर्स आयोगाचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये छापून खुला झाला. थंडीत रबरी कडी ताठरतात, ही अभियंत्यांनी उड्डाणाच्या आदल्या रात्रीच बोलून दाखविलेली भीती त्यात नोंदली गेली आणि फाइनमन यांचे अप्रिय टिपणही परिशिष्ट म्हणून जोडले गेले. ‘इस्रो’ने मोटारीच्या रचनेचा तपशील खुशाल झाकून ठेवावा. दोष घडणीत होता की तपासणीत, तो कोणत्या पायरीवर नजरेतून सुटला आणि सी६२ पूर्वी कोणते बदल करण्यात आले होते, एवढे सांगण्याने शत्रूच्या हाती काही लागण्यासारखे नाही.