गंडोल्याचा चिमटा
मे महिन्यात गुलमर्गच्या गंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या रांगेत उभं राहिलं की आपण दादरलाच आहोत असं वाटतं. कानटोप्या, भाड्याचे गमबूट, पिशवीत भाकरवडी. सहा जणांची ती केबिन स्टेशनात थांबत नाही, नुसती रेंगाळते. तेवढ्यात शिरायचं, ‘आधी तुम्ही’ला सवड नाही. खरी करामत तिच्या डोक्यावर आहे. तिथला लोखंडी चिमटा स्टेशनात धावता दोर सोडतो आणि बाहेर पडताना पुन्हा पकडतो, म्हणून तर दोर पळत राहूनही आजींना सावकाश चढता येतं. चिमटा लागला की केबिन एकदम वेग घेते आणि आतल्या गप्पा बंद पडतात. १९९८ साली सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५चा दुसरा अफरवटवर, ३,९०० मीटरच्याही वर. बर्फ हवा तर दुसरा घ्या, पण बघायला पहिलाच सरस (हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही). पायाखाली झाडांचे शेंडे सरकतात, मधेच गुज्जरांची मातीच्या छपरांची घरं दिसतात. वर चार पावलांत धाप लागते, तेव्हा सेल्फीसाठी पळणाऱ्या जावईबापूंना सासूबाईंनी वेळीच खाली बसवावं. आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढा.